तालुकदारांचे मौन आणि चौदावी वही

मी, विभावरी हिरण्मय तालुकदार, माहेरची ओक, वय ६६, टाइल्सच्या कारखान्यातील लॅबमधून निवृत्त, राहणार रास अल खैमा, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. कोणी सांगितले नाही, कोणी अडवलेही नाही. गुडघे सोडल्यास प्रकृती ठीक आहे. डोके शाबूत असल्याचे डॉक्टरांचे पत्र जोडले आहे. त्याचे कारण शेवटी येईल.

१. राहता फ्लॅट, बँकेतील ठेवी व दागिने माझी एकुलती मुलगी मिहिका हिला मिळावेत. ती दुबई मरीनात राहते. दर शनिवारी भाजी घेऊन येते, वीस मिनिटे बसते आणि जाते. याबद्दल कलम ४ पाहावे.

२. माझे पती कै. हिरण्मय तालुकदार हे कोलकात्याचे नट. एकोणिसाव्या वर्षी रंगभूमीवर आले. एकतीस बंगाली चित्रपटांत त्यांनी कामे केली. त्यांपैकी चौदांत ते मध्यंतरापूर्वी वारले. नऊंत ते डॉक्टर होते आणि एकाही रोग्याला वाचवू शकले नाहीत. नायक एकदाच झाले. तो चित्रपट मी तीन वेळा पाहिला. माझ्याखेरीज दुसरे कोणी तीनदा पाहिल्याचे ऐकिवात नाही. लग्नानंतर शूटिंग संपले की ते इकडे येत आणि हिवाळ्यात दुबईतील बंगाली मंडळींची नाटके करीत.

त्यांच्या नकली दाढ्यांची पेटी नाट्यमंडळाचे दिग्दर्शक श्री. रोशन सेन यांना द्यावी. पांढरी दाढी धुऊ नये, आक्रसते.

३. नाटकांत मी विंगेत प्रॉम्प्टर असे. ते संवाद सांगत, मी देवनागरीत उतरवून घेई. अशा चौदा वह्या आहेत. माझे उच्चार ऐकून ते म्हणत, "विभा, हे बांगला आहे की लॅबचा रिपोर्ट?" त्यांचा नियम एकच होता: अडले तर फक्त पहिला शब्द द्यायचा. एकदा घाबरून मी अख्खे वाक्य सांगितले. घरी पोचल्यावर जिन्यात म्हणाले, "मी नट आहे, पोपट नाही." हा राग मी त्यांना माफ केलेला नाही, पण नियम पाळला.

पहिल्या तेरा वह्या श्री. सेन यांना द्याव्यात. चौदावी देऊ नये.

४. चौदावी वही जानेवारी २०२३ च्या शेवटच्या प्रयोगाची आहे. त्या प्रयोगात हिरण्मय तिसऱ्या अंकात मुलीच्या पत्राकडे पाहत बराच वेळ गप्प राहिले. लोक रडले. श्री. सेन यांनी 'तालुकदारांचे मौन' म्हणून लेख लिहिला आणि हिरण्मयना सन्मानाची ढाल दिली. आता श्री. सेन नवीन नटांकडून मनात अकरापर्यंत आकडे मोजून ते मौन बसवून घेतात. मागच्या नाटकात चौघेजण एकाच वेळी मौनात गेले होते.

ते मौन नव्हते. हिरण्मय वाक्य विसरले होते. मी पहिला शब्द दिला, दुसरा दिला, मग नियम मोडून पूर्ण वाक्य दिले. ते त्यांनी माझ्यामागून शब्दशः म्हटले. वहीत तिथे माझी लाल पेन्सिल आहे.

विसरणे त्या प्रयोगाच्या वर्षभर आधी सुरू झाले होते. घरीही मी प्रॉम्प्टिंग करत होते: शेजाऱ्यांची नावे, औषधे, कोणता वार. ते म्हणाले होते, "मिहिकाला सांगू नकोस. ती समोर बसते ती नाटक बघायला. तिने मला पेशंट म्हणून बघायला नको." मी शब्द पाळला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते गेल्यावर मिहिकाला डॉक्टरांकडून कळले. ती म्हणाली, "आई, यू शुड हॅव टोल्ड मी. आय वॉज सिटिंग राइट देअर." त्यानंतर वीस मिनिटे सुरू झाली.

तिचे बरोबर आहे. तोंडाने सांगणे मला जमले नाही, म्हणून येथे लिहीत आहे. चौदावी वही मिहिकाची. ती कोणाला दाखवायची, हे तिने ठरवावे. श्री. सेन यांनी ढाल परत मागू नये. आठवत नसताना माणूस प्रकाशात उभा राहिला, पळाला नाही. त्यासाठी ती आमच्या घरीच राहावी. नटांचे आकडे मोजणे मात्र बंद करावे.

५. माझ्या शोकसभेत भाषणे नकोत. श्री. सेन यांनी बोलायचेच ठरवल्यास विंगेत घड्याळ ठेवावे.

६. हे कलम मृत्यूनंतरचे नाही. टायपिंग सेंटरचे फहद अरबी भाषांतर करताना म्हणाले, "मॅडम, ये विल है या कहानी? ये वाला इसमें नहीं आता." मी म्हटले, तरी टाका. ते म्हणाले, "यल्ला, आप की मर्जी."

गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरील लिओचे नाव मला दहा मिनिटे आठवले नाही. डॉक्टर म्हणतात, वयाप्रमाणे आहे. असेलही. पण या वेळी लपवायचे नाही. म्हणून या मृत्युपत्राची एक प्रत मी येत्या शनिवारी मिहिकाच्या हातात देणार आहे, भाजी फ्रिजमध्ये ठेवायच्या आधी.

उद्या मी अडले, तर मिहिकाने मला पूर्ण वाक्य सांगू नये. शेजारी बसावे. पहिला शब्द द्यावा. आणि थोडे थांबावे.

वरील मजकूर मी वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमक्ष सही केली आहे.

(सही) विभावरी हिरण्मय तालुकदार

साक्षीदार:
१. लिओ डिमेलो, शेजारी (नाव मी स्वतः, न विचारता लिहिले आहे)
२. सगुणा पाटणकर, लॅबमधील जुन्या सहकारी

स्थळ: रास अल खैमा
दिनांक: २१ जानेवारी २०२६, बुधवार