तंटामुक्त सर्व्हर

३ फेब्रुवारी
आजपासून कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबचा इन-चार्ज मी. तृप्ती मॅडम बदलून गेल्या. त्या खुर्चीवर किती दिवस डोळा होता! सोळा तारखेला बारावीची ऑनलाइन प्रॅक्टिकल. ती अशी पार पाडायची की प्राचार्य सोमेश्वर सरांनी मला काढायचा विचारसुद्धा करू नये. सुरुवात सर्व्हर अपडेटने. मॅडम परीक्षेच्या तोंडावर हात लावायच्या नाहीत. भित्रं माणूस.

५ फेब्रुवारी, दुपार
शिसारी आली. सर्व्हरचं लिनक्स अपडेट होता होता मध्येच थांबलं. म्हणे, ही सेटिंगची फाईल तुमच्याकडे कुणीतरी बदललीय आणि अपडेटसोबत नवी आलीय. नवी घ्यायची तर Y, जुनी ठेवायची तर N, फरक बघायचा तर D. सगळं ठाऊक असून मला विचारतंय! आमचा शिपाईसुद्धा इतका छळत नाही.
D दाबलं. स्क्रीनभर अधिक-उणे. किळसवाणा प्रकार. पुन्हा दाबणार नाही.

५ फेब्रुवारी, संध्याकाळ
मार्ग निघाला. तीर्थपुरीच्या तंटामुक्ती समितीत मी उगाच नव्हतो. बांधाच्या भांडणात एकालाच सगळं दिलं की दुसरा कोर्टात जातो. म्हणून पहिल्या फाईलला Y, दुसरीला N, तिसरीला Y, असं शेवटपर्यंत. नव्याचाही मान राहिला, जुन्याचाही. प्रभावतीला सांगितलं. ती म्हणाली, पण भांडण काय होतं ते बघितलं का? बायकोला टेक्निकल कळत नाही.

७ फेब्रुवारी
पोरं म्हणाली, सर, लॉगिनच होऊन न्हाई राह्यलं. प्रिंटर मात्र चालू आहे, म्हणजे निम्मं यश. पोरांना दम नाही. नवं-जुनं एकत्र नांदायला वेळ लागतोच.

१२ फेब्रुवारी
नांदले नाहीत. थू असल्या मशीनवर!
तृप्ती मॅडमना फोन करायचा नाही असं ठरवलं. केला. त्या म्हणाल्या, घाबरू नका सर, जिथं नवी घेतली तिथं जुनी फाईल बाजूलाच ठेवलेली असते, नावाच्या शेवटी old बघा. त्या सगळ्या मी कचरा म्हणून परवाच साफ केल्या. स्वच्छतेची ही शिक्षा.

१४ फेब्रुवारी
सोमेश्वर सर म्हणाले, रामप्रसाद, चाळीस पोरांच्या वर्षाचा सवाल हाय, आता बिलकुल हात लावायचा न्हाई. परीक्षा जालन्याच्या सेंटरवर हलवली. इन-चार्जपद काढून घेतलं. तात्पुरतं असणार. मला सोबत पाठवतायत. अनुभवी माणूस लागतोच.

१६ फेब्रुवारी, जालना
पाण्याचे जार माझ्याकडे दिलेत. सेंटरवर पोचलो तर तिथला ऑपरेटर सिराजोद्दीन डोकं धरून बसलेला. सकाळीच अपडेट लावलं आणि तोच प्रश्न येऊन अडकलाय. कॉलेजचं नाव आणि पोरांच्या तोंडचं ‘लॅबवाले सर’ ऐकून उठून उभा राहिला. म्हणाला, सर, तुम्ही लॅब सांभाळता ना, जल्दी सांगा, इथं काय दाबू?
चाळीस पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी तोंड उघडलं. पुढच्या बाकावरच्या साक्षी नावाच्या पोरीने हात जोडले.
सिराजोद्दीनला सांगितलं, मी पाण्याच्या जारसोबत आलोय.