सोसी, हाल

ता. ११ जानेवारी १९४८, रविवार

डबी सापडली — ज्वारीच्या कणगीत! मामंजींच्या गळ्यातली, लिंगाची चांदीची डबी. सकाळपासून सगळं घर उलथंपालथं केलं. आणि मामंजी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "घरात चोर हाय." सांगताना बघत होते माझ्याकडं!

मी त्या डबीला कधी हात लावत नाही. त्यांनीच काढून ठेवली असणार. नेऊन हातात दिली तर म्हणाले, "आता बरी गावली."

लोक म्हणतात, सासरा भ्रमिष्ट झालाय. मला नाही पटत. भ्रमिष्टाला इतकं तिरकस बोलता येतं होय?

ता. १९ जानेवारी, सोमवार

हे सोलापूरला गिरणीत गेले त्याला चार महिने झाले. नाक्यावर रझाकार अडवतात, त्यामुळं येणं नाही, चिठ्ठी नाही. जाताना एकच बोलले — "अप्पांना तुझ्या हवाली करून चाललोय, नागम्मा." तेवढ्यासाठी सगळं सोसतेय. परत आल्यावर ह्यांनी विचारलं तर मान वर करून सांगता यायला पाहिजे.

तेलाचा घाणा बंद पडलाय. घरात मी आणि मामंजी दोघंच. दिवसभर एकमेकांवर पाळत.

आज त्यांची परीक्षा घेतली. विचारलं, "मामंजी, मी कोण?" बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "तुमचं तुम्हाला ठावं न्हाय का?" आणि हसले. मला तुम्ही म्हणाले! सूनबाई म्हणणं कधीच सुटलंय. पण उत्तर कसं चुकवलं बघा. पक्के आहेत.

ता. २ फेब्रुवारी, सोमवार

खोकला फार वाढलाय. रामकिसन वैद्य म्हणाले, कफ आहे, दूध बंद करा. बंद केलं. काढा करून दिला तर तोंडात घेतला आणि माझ्या लुगड्यावर थुंकले. मी काय विष घालते?

हात उगारला होता मी. खाली घेतला, पण उगारला होता. दुसरं कुणी बघितलं नाही, म्हणून इथं लिहिते. मग चुलीपुढं बसून रडले. माझी मलाच लाज वाटली आणि तरी त्यांचा राग गेला नाही.

ता. ९ फेब्रुवारी, सोमवार

हल्ली नीट बोलतच नाहीत. नुसतं पुटपुटणं. अर्ध्याचा अर्थ लागत नाही.

शेजारची नीलम्मा विस्तव न्यायला आली. जाता जाता म्हणते, "तुझा सासरा काय म्हणतोय ऐकलंस का? हाल म्हणतोय. हाल सोसी, हाल सोसी. लई हाल सोसतोय म्हातारा." मी म्हटलं, तुला भास झाला असंल. "भास? समदी आळी ऐकतीया," म्हणाली.

ती गेल्यावर मी दाराआड उभी राहिले. आणि ऐकलं. "सोसी... हाल... सोसी... हाल..." अगदी स्पष्ट. बाकी सगळे शब्द विसरले, हे दोन तेवढे बरे ध्यानात राहिले! कुणीतरी शिकवलेत. नीलम्मा रोज दुपारी त्यांच्याजवळ शेंगदाणे घेऊन बसते ती काय उगीच? तिच्या भावाला आमच्या घाण्याची जागा पाहिजे आहे, हे मला माहीत आहे.

ता. १३ फेब्रुवारी, शुक्रवार

दिवसभर तेच. नदीवर मी गेले की बायका गप्प होतात.

ता. १८ फेब्रुवारी, बुधवार

वन्सं आल्या उमरग्याहून. ह्यांची थोरली बहीण, गिरिजाबाई. कुणी कळवलं त्यांना? नीलम्मानंच, दुसरं कोण! आल्या त्या सिद्रामप्पांना घेऊनच. गावात ते वडीलधारे, त्यांचा शब्द कुणी मोडत नाही.

वन्संनी मामंजींचे हात हातात घेतले. "अप्पा, वळखलं का? मी गिरिजा." मामंजींनी हात सोडवून घेतले. परक्या बाईनं धरावेत तसे. वन्संचं तोंड एवढंसं झालं.

सिद्रामप्पांनी विचारलं, "महालिंगप्पा, काय त्रास हाय? मोकळं सांगा."

मामंजी माझ्याकडं वळले. थेट माझ्याकडं बघून म्हणाले, "सोसी. हाल."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, ह्यांना बोलायला शिकवलंय कुणीतरी. सिद्रामप्पा म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाला कोण शिकवणार, पोरी?" वन्सं खाली बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी नेते अप्पास्नी."

ता. १९ फेब्रुवारी, गुरुवार

नेलं. गाडीत बसताना हट्ट केला, माझा पदर धरला. लोकांपुढं हेही नाटक! मी पदर ओढून घेतला.

खोटं कशाला लिहू — गाडी वळली तेव्हा मला हलकं वाटलं. पण ह्यांच्या कानावर जाणार. नागम्मानं अप्पांचे हाल केले. मग मी कुठल्या तोंडानं उभी राहू?

ता. २४ फेब्रुवारी, मंगळवार

सवयीनं मामंजींचीही भाकरी थापली. गाईला घातली.

ता. ४ मार्च, गुरुवार



मिरच्या विकायला एक म्हातारी आली, गंगम्मा नावाची. आळंदकडची, तिथं सगळे कानडी बोलतात. पाणी प्यायला ओट्यावर टेकली. मी म्हटलं, आमचे मामंजीही मूळचे तिकडचेच, लहानपणी आई वारली म्हणून इकडं आणलं. त्यांचं कानडी कधी कुणी ऐकलं नाही. ह्यांनासुद्धा येत नाही. मी तर भूमकडची, मला कुठलं येणार? बोलता बोलता भडभडून आलं आणि सगळं सांगून टाकलं. हाल सोसी, हाल सोसी म्हणून गावभर माझी बदनामी केली, म्हटलं.

गंगम्मानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "अगं माझे बाई, सोसी म्हणजे सून. आन् हाल म्हणजे दूध. सूनबाई, दूध दे म्हणत व्हता की गं त्यो."

दूध मागत होते. इतके दिवस. आणि माझ्याकडं मागत होते, सून म्हणून! त्यांना माहीत होतं मी कोण ते. मराठी गेलं, लेक विसरले, आणि मी त्यांच्या ध्यानात होते. आणि मी त्यांच्या हातून पदर ओढून घेतला.

मिरच्या न घेताच गंगम्माला जाऊ दिलं. 

ता. ५ मार्च, शुक्रवार

पहाटे उठून बसले. वन्संच्या सासरी सगळं कानडीत चालतं! वीस वर्षं त्या घरात आहेत. त्यांना दूध कळलं नाही? सून कळली नाही? कळलं होतं. म्हणूनच खाली बघत होत्या. नीलम्मावर उगीच घेतलं मी. सगळं केलं ते वन्संनी. पण का? घाणा त्यांना नको, जागा नको. बापाला दूर नेऊन, मला गावात तोंड दाखवायची सोय न ठेवून, वन्संना काय मिळालं?

सिद्रामप्पांकडं गेले. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्या चुकलो, पोरी. रस्त्यात दंगा हाय, तू एकली जाऊ नगंस. मी निरोप धाडतो."

निरोप कसला! समोर उभं करून विचारणार आहे मी वन्संना.

ता. १२ मार्च, शुक्रवार

सिद्रामप्पांच्या निरोपाला उत्तर नाही. येणारच नाही. काय बोलायचं ते रोज मनात घोकतेय.

ता. २० मार्च, शनिवार

वन्संनी स्वतः आणून सोडलं मामंजींना. आत आल्या नाहीत, ओट्यावरच बसल्या. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "मला त्याच दिशी कळलं व्हतं. बाप माझा, आन् हाक तुला मारतोय. घरी नेला तर वळखंल म्हटलं." मग मामंजींच्या अंगावरची शाल नीट करत राहिल्या. "महिना झाला, नागम्मा. मलाबी सोसीच म्हणतोय."