अबोल्यातली पेज

बोनकोडे,
२० डिसेंबर

ती. बेबीमावशीच्या चरणी निशिगंधाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुझ्याशी फोनवर बोललं की घरची बातमी अख्ख्या सोसायटीला कळते आणि तुलाच तेवढी ऐकू येत नाही. त्यापेक्षा पत्र बरं.

पुतळाकाकीला नवरात्रात अर्धांगाचा झटका आला हे तुला ठाऊक आहेच. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. कळतं सगळं, शब्द तेवढा फुटत नाही. तिचा मुलगा मिथुन पहाटेच एपीएमसीत कांद्याच्या गाळ्यावर जातो, त्याची बायको प्रिया दिघ्याला कंपनीत. म्हणून दोघांनी काकीला ठेवायला पनवेलकडे एक शुश्रूषा केंद्र बघितलं होतं. ते आईच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी आई पदर खोचून तळमजल्यावर उतरली, ती आजतागायत रोज उतरते आहे. अंघोळ, पेज भरवणं, कूस बदलणं, सगळं तीच करते.

तुला वाटेल, चला, जावाजावांचा अबोला सुटला. कसला सुटतोय. बाबांच्या छातीत कळ आली त्या दुपारी घरात या दोघीच होत्या. दहाव्याला काकी चार लोकांत म्हणाली की शेवंतानं वेळेवर दवाखान्यात नेलं असतं तर माझे भाऊजी वाचले असते. तेव्हापासून आई तिच्याशी बोलली नाही, आणि आताही बोलत नाही. पाणी कढत असलं तर बालदीला सांगते. कूस बदलायची तर उशीला म्हणते, बये, आता डावीकडं व्हायचं हाय. काकी ते ऐकते आणि अंग हलवायला बघते. मी दारात उभी असते. हसावं की हात जोडावे, कळत नाही.

टेन्शन एवढंच, की डॉक्टर म्हणतात दुसरा झटका येऊ शकतो. अशीच न बोलता काकी गेली तर आईला ते जन्मभर सलेल. तू तिची थोरली बहीण, काहीतरी सुचव.

माया आहे ती आटू देऊ नकोस.
तुझी निशी

जासई,
२ जानेवारी

चि. निशीस अ. उ. आ.

माझ्या कानांना काय झालं नाय, तुमचेच आवाज बारीक झालेत.

शेवंता लहानपनापासून अशीच हाय. आमच्या आयेनं मारलं तर आठ-आठ दिवस तोंड फिरवून बसायची, पन आयेला ताप आला का उशापासून हलायची नाय. राग नाय सोडायची न मायापन नाय सोडायची. आमी बाकीची भावंडं दोन्ही सोडून खेळायला पळायचो.

पन मरनाच्या दारात अबोला बरा नाय. संक्रांत आलीच हाय. शेवंताच्या नावानं पुतळीला तिळगूळ नेऊन दे. तिळगूळ दिला का अबोला मोडतो, आमच्या वेळंला असंच करायचे. शेवंता चिडली तर माझं नाव सांग.

पोरी, जेवत जा वेळंवर. म्हातारीची आठवन ठेव.
तुझी मावशी

बोनकोडे,
१७ जानेवारी

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तुझं नाव सांगितलं. आई म्हणाली, बेबीचे कान गेले ते माहीत होतं, अक्कलही गेली ते आज कळलं. रागावू नकोस, मला तर याहून जास्त बोलणी बसली.

मी वाटीत तिळगूळ घेऊन गेले, आईने दिलाय म्हणाले आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, गोड बोला. मावशी, काकीने खरंच बोलायचा प्रयत्न केला. ओठ हलले, मानेच्या शिरा ताठल्या, घशातून नुसता आवाज आला. मग ती रडायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागे आई पेज घेऊन उभी होती. तिने काकीचं तोंड पुसलं आणि वाटीला सांगितलं की पेज निवते आहे.

वर आल्यावर मी रागानेच विचारलं, एवढं सगळं करतेस तर दोन शब्द बोलायला काय जातं. आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, ती मला बोलली तेव्हा तिला वाचा होती आणि मलाही होती. आज मी बोलले तर तिला उलटून बोलता यायचं नाही. माफ केलं म्हटलं तरी ते तिच्या तोंडात कोंबल्यासारखं होईल. नको मला तुझी माफी, असं तिला म्हणता आलं पाहिजे. तोवर मी थांबेन.

म्हणून आई, बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलेले सगळे आवाज काकीकडून रोज करून घेते. आरसा समोर धरते आणि आरशाला सांगते, आ कर, पा म्हण. मी कुणावर रागावले की फोन उचलण्यापासून चहा विचारण्यापर्यंत सगळं बंद करते. राग धरूनही एखाद्याचं इतकं करता येतं, हे मी आईत बघते आहे आणि थक्क होते आहे.

आशीर्वाद असू दे, त्याची गरज पडणार आहे.
तुझी निशी

जासई,
२८ जानेवारी

चि. निशीस अ. उ. आ.

चूक माझी. तुझं पत्र सुनेकडून दोनदा वाचून घेतलं. मी शेवंताला कडेवर घेऊन फिरवली, पन एवढी मोठी कधी झाली ते मला कळलं नाय.

गावदेवीला नारळ बोलले हाय. पुतळीला वाचा येऊं दे, मंग तिनं शेवंताला शिव्या घातल्या तरी चालंल.

दोघींना सांभाळ, न स्वतःलापन.
तुझी मावशी

बोनकोडे,
९ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

नारळ फोड.

काल रविवार, मी घरीच होते. आई पेज भरवत होती. डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलंय. काकीने चमचा तोंडातून ढकलला आणि अगदी स्पष्ट म्हणाली, अळनी.

मी हसायला लागले. आई हसली नाही. तिने वाटी खाली ठेवली, हात पुसले आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा काकीच्या डोळ्यांत बघून विचारलं, त्या दुपारी उशीर माझ्यामुळं झाला का.

मावशी, मला वाटत होतं आई माफ करायला थांबली आहे. उशीर आपल्यामुळं झाला का, हे तिलाच ठाऊक नव्हतं ग. हा प्रश्न उराशी घेऊन ती काकीला न्हाऊ घालत होती, आणि उत्तर देऊ शकणारं माणूस जगात ते एकच होतं.

काकीला खूप वेळ लागला. मग म्हणाली, नाय. डावा हात छातीवर ठेवून म्हणाली, मी. पोटातला वायू असेल म्हणून काकीनेच बाबांना ओवा दिला होता आणि जरा थांबू म्हणाली होती, हे मला काल रात्री आईकडून कळलं.

आईने तो हात छातीवरून काढून स्वतःच्या मांडीवर घेतला. म्हणाली, आपन दोघी होतो, पुतळे. दोघींना कळलं नाय. मग पेज घे म्हणाली, अळणी तर अळणीच मिळेल म्हणाली, आणि वाटी संपेपर्यंत तो हात सोडला नाही.

वर येऊन आई आडवी झाली. बाबा गेल्यापासून दुपारी झोपलेली मी तिला पाहिली नव्हती. संध्याकाळपर्यंत झोपली होती. मी फोन बंद करून उशाशी बसून राहिले.

तुझा लोभ तिच्यावर आहेच, त्यातला थोडा मलाही असू दे, तिच्याजवळ बसून राहायला.
तुझी निशी