क्षिप्रा मॅडमचा बंदोबस्त

३ जुलै
मेडिसिनचं पोस्टिंग सुरू. इंटर्नशिपमधलं शेवटचं. तीसला संपतं, एकतीसला सर्टिफिकेट, की पीजीला मोकळा. पीजीची मुदत एकतीसचीच, एक दिवस जरी पुढे सरकलं तर यंदाचं वर्ष गेलं. काळजीचं कारण नाही. महिनाभर सगळ्यांशी गोड राहणार.

युनिटला सेकंड इयरची रेसिडेंट डॉ. क्षिप्रा. डोंबिवलीची. पहिलंच वाक्य, तू इंटर्न ना, आठ नंबरचं रक्त काढ. नावसुद्धा विचारलं नाही.

आठ नंबरला रंगूबाई. बाळकुमच्या, सत्तरीच्या. चार वेळा टोचलं. त्यांच्या शिरा पुस्तकाप्रमाणे नाहीत. पाचव्यांदा हात धरला तर म्हणाल्या, मना तू नको टोचू रं, त्या पोरीला बोलव. पोरगी म्हणजे क्षिप्रा. आली, एका टोचण्यात नळी भरून गेली. जाता जाता म्हणाली, शीर बोटाने शोधायची असते, रागाने नाही.

राग? मला? हे मी आयुष्यभर लक्षात ठेवणार.

५ जुलै
घोडबंदरला जॅम. पावणेदहाला पोचलो. क्षिप्रा म्हणाली, ट्रॅफिक तुझ्या एकट्यासाठी सोडतात का रे? सगळ्या वॉर्डासमोर. मग तीन वेळा लॅबला पिटाळलं. एमबीबीएस काय नळ्या वाहायला केलं?

बदल्याचा प्लॅन: पीजीला टॉप रँक. हेच डिपार्टमेंट घेणार. मग तिला माझ्या हाताखाली राबवणार.

(रात्री सुचलं, तोपर्यंत ती पास होऊन गेलेली असेल. प्लॅनमध्ये सुधारणा हवी.)

८ जुलै
काल आणि आज गेलो नाही. पोट बिघडलं. म्हणजे बिघडेल असं वाटलं. घरी बसून अभ्यास करायचं ठरवलेलं. झोप अपुरी असेल तर वाचलेलं डोक्यात राहत नाही, म्हणून आधी झोप पूर्ण केली.

९ जुलै
क्षिप्रा म्हणाली, दोन दिवस न सांगता गायब, एक्स्टेंशन लागतं माहितेय ना? तीस अधिक दोन म्हणजे एक ऑगस्ट. वर्ष गेलं. आणि हे ती डब्यातली पोळी खात खात म्हणाली.

आता दयामाया नाही.

१० जुलै
डीनना निनावी तक्रार. हॉस्पिटलपासून लांब, थेट कोलशेतला जाऊन झेरॉक्सवाल्याकडे टाइप केली. डोक्यावर टोपी. एकूण पाच मुद्दे. तिसरा सर्वात जहाल: ‘युनिटमधील सर्वात होतकरू इंटर्नला नळ्या वाहायला लावून त्याची प्रतिभा शिरा न सापडणाऱ्या रुग्णांवर वाया घालवली जात आहे.’

नाव कुठेच नाही. मागमूस शून्य. डीन ऑफिसच्या तक्रारपेटीत टाकून घरी आलो. आईला म्हटलं, आज काहीतरी गोड कर. म्हणाली, भेंडी आहे.

१५ जुलै
बाँब फुटला. डीननी समिती नेमली, युनिटकडे लेखी खुलासा मागितला. तक्रारीची प्रत ड्युटीरूममध्ये आली. माझी को-इंटर्न ऐश्वर्या हिने ती मोठ्याने वाचली. तिसऱ्या मुद्द्यापाशी थांबून म्हणाली, होतकरू म्हणजे मीच की काय? मग माझ्याकडे बघून म्हणाली, तू तर नाहीसच.

अपमान गिळला. गुप्तता महत्त्वाची.

क्षिप्राने दोनदा वाचली. घाबरलेली दिसते.

१६ जुलै
हेड सरांनी खुलासा लिहायचं काम क्षिप्राला दिलं. तिने ते मला दिलं. म्हणाली, संदेश, तुझं मराठी चांगलं आहे, तूच लिही. प्रथमच नावाने हाक.

देव आहे. इतका लुळापांगळा खुलासा लिहिणार की बाई सरळ बुडाली पाहिजे.

१७ जुलै
लुळंपांगळं लिहिणं माझ्या पिंडात नाही. पहिल्या परिच्छेदालाच हात चालायला लागला. पाचही मुद्द्यांच्या चिंधड्या उडवल्या. ‘स्वतःस होतकरू समजणाऱ्याने आधी सुई धरायला शिकावे’ हे वाक्य तर आपोआप आलं.

क्षिप्रा वाचून म्हणाली, तक्रारदार तुझ्या चांगल्या ओळखीचा वाटतो.

सरांना खुलासा फार आवडला. तिचीच पाठ थोपटली. लिहिलं कोणी, शाबासकी कोणाला. हाही हिशोब चुकता होणार.

२४ जुलै
सर्टिफिकेटचं विचारायला ऑफिसातल्या देवराम भाऊंकडे गेलो. म्हणाले, चौकशी चालू आहे तोवर तुमच्या युनिटच्या लॉगबुकांवर सह्या बंद. समितीची बैठक चार ऑगस्टला.

मी म्हटलं, आणि माझं एकतीस?

म्हणाले, तक्रार करणाऱ्याने स्वतः येऊन ती मागे घेतली तर फाईल आज बंद होते. कोण नालायक आहे कोणास ठाऊक.

मी म्हटलं, नालायकच.

२६ जुलै
ऐश्वर्याचंही एकतीसच. तिची आई रोज फोन करून विचारते, सही झाली का. ऐश्वर्या म्हणते, तो सापडू दे फक्त, सगळ्यात जाड सुईने टोचते त्याला.

तिला शीर पहिल्या फटक्यात सापडते.

२९ जुलै
तीन दिवस वाट पाहिली की दुसरं कोणीतरी कबूल करेल. कोणी केलं नाही. लोकांत हिंमतच उरलेली नाही.

३० जुलै
देवराम भाऊंकडे कबूल केलं. त्यांनी फक्त चष्मा वर केला आणि कोरा कागद पुढे सरकवला. तक्रार मागे घेतली. खाली पूर्ण नाव, सही.

मग एक्स्टेंशनचं बघायला त्यांनी हजेरी उघडली. सात आणि आठ जुलैपुढे ‘रजा मंजूर’. अक्षर क्षिप्राचं. तारीख नऊ.

म्हणजे माझ्या तक्रारीच्या आदल्या दिवशी.

मी विचारलं, मग तिने मला सांगितलं का नाही?

देवराम भाऊ म्हणाले, तुम्ही विचारलंत?

३१ जुलै, दुपारी ४.४०
लॉगबुक घेऊन क्षिप्रा मॅडमकडे गेलो. माफीचं दोन पानी भाषण पाठ केलेलं. मॅडम म्हणाल्या, नंतर, आधी आठ नंबर.

रंगूबाईंनी मला बघून हात पदराखाली घेतला. म्हणाल्या, शिकशील रं तू. पन दुसऱ्यावर शिक.

मॅडमनी रक्त काढलं. नळी माझ्या हातात दिली. लॅबला देऊन परत आलो तर त्या राउंडला गेलेल्या, आणि लॉगबुक टेबलावर. सही झालेली.

शेऱ्याच्या रकान्यात त्या सगळ्यांना ‘गुड’ लिहितात. ऐश्वर्याला ‘व्हेरी गुड’.

मला मराठीत लिहिलाय. शाईने, एकच शब्द.

होतकरू.