ताईचं जहाज

४ फेब्रुवारी

पोचले एकदाची! ताईची खोली छान आहे. दोन खिडक्या, एकीतून गोदीच्या क्रेन दिसतात, दुसरीतून शेजारची भिंत. भिंतीकडची कॉट माझी, हे सांगायलाच नको. आईने मला ताईच्या मदतीला धाडलंय. ताई फार खंगलीय, तिला कॅमेऱ्याचा स्टँडसुद्धा उचलवत नाही, असं आई म्हणाली होती. खरंच आहे ते. गालफडं बसलीत नुसती. फोटोग्राफी आम्ही दोघीही बाबांकडेच शिकलो, नाव मात्र तिचं झालं.

दुपारी जहाज पाहिलं. पत्र्याच्या भल्यामोठ्या शेडमध्ये टेकू देऊन उभं केलंय. अख्खं लाकडाचं, पणजोबांच्याही आधीच्या काळातलं. तळाच्या फळ्या कुजल्यात, उजव्या कुशीला मोटार आत जाईल एवढं भगदाड. जतनाची मंजुरी यायची आहे. तोवर फळी न् फळी फोटोत टिपून ठेवायची, हे ताईचं काम. मी मान वर करून बघतच राहिले. असं काहीतरी आपल्या वाट्याला यायला हवं होतं!

७ फेब्रुवारी

कामाची वाटणी झाली. जहाज ताईचं. माझ्याकडे गंजके खिळे, कप्प्या आणि दोरांचे तुकडे; पांढऱ्या कापडावर मांडायचे आणि फोटो काढायचे. जहाजावर कॅमेरा रोखायचाच नाही, अशी ताकीद. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, “ते माझ्यावर सोड ना, छकुले.”

छकुली म्हणे! तिशी ओलांडली माझी.

खोलीतल्या भिंतीवर तिने काढलेले फोटो लावलेत. जुन्यांत भगदाड आताच्या दुप्पट दिसतं, अलीकडच्यांत बरंच लहान. कोन साधण्यात ताईचा हात कोण धरणार, असं म्हणून मी तोंड फिरवलं.

१२ फेब्रुवारी

कोनाचा प्रश्नच नाही. भगदाड खरोखरच बुजत चाललंय.

आज मोठे मिस्त्री आले होते. बदलायच्या फळ्यांवर त्यांनी पूर्वी खडूने फुल्या मारल्या होत्या. आज टोचा मारून पाहिला तर शिरेना. पोचट लाकूड टणक झालेलं. डोकं खाजवत ते म्हणाले, बाईंच्या कॅमेऱ्यात औषध आहे की काय! सगळे हसले. ताई हसली नाही. मीही नाही. मिरच्या झोंबल्या मला. तिने नुसतं बघितलं तरी लाकूड बरं होतं, आणि माझे खिळे गंजकेच!

१५ फेब्रुवारी

ताईच्या उशीवर पिवळट भुसा होता.

तिला अंघोळ घालताना पाठ पाहिली. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं. किडलेल्या लाकडाला असतात तशी. पाय पोटरीपर्यंत भेगाळलेत आणि रक्ताचा टिपूस नाही. डॉक्टरांनी मलम दिलंय.

शेवटी ती बोलली. फोटो काढला की जहाजाची कीड तिच्यात उतरते. पहिल्या महिन्यातच कळलं होतं तिला. पण जहाज उभं राहताना पाहिलं आणि सोडवेना. “थोडंच राहिलंय आता,” म्हणाली, “तेवढ्याला मी पुरेन.”

माझ्या अंगावर काटा आला. पण त्याच्याही आधी मनात आलं ते हे, की हिलाच का निवडलं जहाजाने?

१८ फेब्रुवारी

ताई शेडमध्येच कोसळली. तिला दवाखान्यात ठेवलंय. आई आली. ताईने माझं मनगट घट्ट धरलं, शेडची किल्ली मागितली. मी म्हटलं, खोलीवर राहिली.

खिशातच होती.

१९ फेब्रुवारी

काढले.

बाई गं, काय दिसतं ते माझ्या कॅमेऱ्यातून! ताईच्या एकाही फोटोत असं नाही.

२४ फेब्रुवारी

पेपरात मी काढलेला जहाजाचा फोटो. खाली माझं नाव. ताईचं नाही.

आईचा फोन आला. ताईच्या भेगा भरतायत, आज दोन वेळा जेवली, आई रडत रडत सांगत होती. पेपराचं मी दोनदा सांगितलं. आई म्हणाली, हो का, छान, आणि पुन्हा ताईचंच सुरू.

डाव्या टाचेला भेग पडलीय. थंडीची असेल.

२८ फेब्रुवारी

थंडीची नाही.

उशी झटकली नाही. कशाला? रोज तेवढाच— आज जरा जास्त. भगदाड पूर्ण बुजलं. मिस्त्री आज माझ्याकडे बघून— जाऊ दे. जहाजाकडे बघून टाळ्या वाजवल्या त्यांनी. माझ्यासाठीच.

ताईचा निरोप, थांब. आईचा निरोप, थांब. आता बरी आठवण येते माझी!

३ मार्च

आता शेडमध्येच राहते. दार आतून लावलंय. फक्त तळाचं मधलं लाकूड राहिलंय. ते बाहेरून दिसत नाही, पोटात शिरावं लागतं. तिथवर ताईसुद्धा कधी—

उजव्या हाताची दोन बोटं सकाळी— कॅमेऱ्यापाशीच पडली. दुखलं नाही. डाव्या हाताने लिहितेय.

४ मार्च

ताई आलीय. फटीतून पाहिलं. गाल भरलेत, केस विंचरलेत, किती छान दिसते— नेहमीसारखी.

दार बडवतेय. म्हणते, जहाज गेलं खड्ड्यात, मला तू हवीस.

खोटं. जहाज परत हवंय तिला.

शिरले आत. अंधार, पण लाकूड उबदार आहे. श्वास घेतल्यासारखं— माझ्याभोवती जवळ जवळ येतंय. कॅमेरा मांडीवर. एकच फोटो राहिला—

बाहेर ताई रडायला लागली. माणसं धावतायत तिच्याकडे. अगदी लहानपणीसारखं. ती रडली की सगळे तिच्याच—