टॉर्चले बांधलेला लंगोट

प्रिय यामिनीताई,

तुले अन् जीजाजीले विनताचा घमापुरातून जय भीम. जीजाजीची कंबर आता तरी वाकत असेल, पोरं शाळेत जात असतील अन् तू सगळ्यांवर ओरडत असशील, असं धरून चालते. आमच्याकडं सगळे बरे आहेत. (बरे म्हणजे कसे ते सांगते. पण तू घाई करून खालचं आधी वाचू नको, तुझी सवय मले माहीत आहे.)

फोन काहून नाही केला म्हणशील. फोन लावला की सासूबाई बाजूले येऊन बसतात, अन् माझ्या आधी त्याच हॅलो म्हणतात. म्हणून लिहून राहिली. आठवीपर्यंतचं माझं मराठी, त्यात इथं दिवसभर हिंदी, तर चुका तू सुधारून वाच.

ताई, मले भेव वाटून राहिला. आपल्या बाबूच्या डोळ्यांचा. तो हसते, पण आवाज ऐकून हसते. मी चूपचाप पुढं उभी राहिली तर भिंतीकडं पाहत राहते. खुळखुळा वाजू नये म्हणून मुठीत घट्ट धरून मी त्याच्यापुढं फिरवून पाह्यला, तर त्यानं मान नाही हलवली. शेजारच्या दुबे आंटीची नात याच्याएवढीच आहे, ती पंख्यापासून मांजरीपर्यंत सगळ्यांवर नजर ठेवते. सासूबाईले सांगितलं तर त्या हसल्या. म्हणे, माझा अश्वजीतही असाच होता, बायको आली तेव्हा कुठं पाहायले लागला. ह्यांले सांगितलं तर "दिसते ना गं त्याले" म्हणाले, पण चेहरा असा झाला की मी पुन्हा विषयच नाही काढला. डॉक्टरकडं नाही गेली. डॉक्टरनं तोंडातून काढलं की मग ते खरं होऊन जाते ना.

आता फोटोचं ऐक, बाबूचं त्याच्यातच येते. ह्यांच्या फॅक्टरीतल्या क्लबानं फोटोची स्पर्धा ठेवली, घरातली जुनी वस्तू म्हणून. ह्यांनी दोस्त अनुपमचा कॅमेरा मागून आणला, अन् सासूबाईचा माहेरचा, पाणी भरायचा पितळी गुंड काढला. (सासूबाई भंडाऱ्याच्या. भंडाऱ्याच्या बाईपुढं पितळेले नाव ठेवू नये, हे मी लग्नाच्या पहिल्याच हप्त्यात शिकली.) फोटोची रीत अशी, की खोलीत पूर्ण अंधार करायचा. कॅमेरा स्टँडवर उभा करायचा अन् त्याचा डोळा उघडा सोडून द्यायचा. तेवढ्या वेळात आपण टॉर्च घेऊन त्या वस्तूवर, भिंतीले चुन्याचा मारते तसा, उजेडाचा पोतारा मारायचा. जिथं उजेड लागला तेवढंच फोटोत येते. टॉर्च फिरवणारा माणूस अंधारातच राहते, तो कुठंच दिसत नाही. हे ऐकलं तेव्हाच समजलं की टॉर्च माझ्या हातात येणार.

रविवारी दुपारी खिडक्यांवर रजया टांगल्या. ह्या गर्मीत. दुबे आंटी दारातून विचारून राहिली, "अरे विनता, इतनी गर्मी में रजाई? सब ठीक तो है ना?" माझ्या आधी सासूबाईच बोलल्या, "ठीक है बहनजी, बेटा अँधेरे में बर्तन को टॉर्च दिखा रहा है." आंटी अच्छा म्हणून हळूच निघून गेली.

पहिल्या फोटोत गुंडाच्या पोटावर चुना फेकल्यासारखा पांढरा ठपका. बाकी सगळं काळं. ह्यांनी अनुपमले फोन केला. तो म्हणाला, भैया, उजेड नरम पाहिजे, टॉर्चले पातळ कपडा बांधा. घरात सगळ्यांत नरम कपडा कोणता? बाबूचा लंगोट, माझ्या जुन्या साडीचा. (धुतलेला. मी वास घेऊन पाह्यला.) दोन पदरी करून रबर लावला तर उजेड असा झाला ताई, जशी दुधावर साय. तो गुंडावर सरळ नाही मारायचा, बाजूनं मारायचा, जवळून. अन् हात थांबवायचा नाही. हात थांबला की तिथं ठपका. नवऱ्याच्या तोंडून "थांबू नको, थांबू नको" मी रोजच ऐकते, पण अंधारात पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या वेळी आतल्या खोलीत बाबूले उचकी लागली. माझा कान तिकडं गेला अन् हात थांबला. ठपका. तिसऱ्या वेळी ठपका नाही, पण गुंड एवढा चमकून राहिला होता की त्याच्यात ह्यांचं बनियान आलं, कॅमेऱ्याच्या तिन्ही टांगा आल्या. ह्यांनी डोकं लावलं, बाबूचं पावडर घेऊन गुंडावर हलकासा हात फिरवला, म्हणजे चमक मरते. चांगलं झालं. मग कॅमेऱ्याचं काही बटण पाहायले हे वळले, मी लंगोट नीट करायले वळली, तेवढ्यात सासूबाईनं चिंच अन् राख घेऊन गुंड पुन्हा घासून काढला. काहून? तर धूळ बसली होती, अन् फोटो क्लबात लागला तर लोक काय म्हणतील, भंडाऱ्याच्या पोरीचं भांडं मळकं? ह्यांनी समजावून सांगितलं. पुन्हा पावडर लावलं. आम्ही पाणी प्यायले गेलो, आलो तर गुंड पुन्हा आरशासारखा. हे म्हणाले, "आई, मी उजेड कमी करून राहिलो अन् तू वाढवून राहिली." सासूबाई म्हणाल्या, "उजेड कमी करायले फोटो काढते का कोणी?"

मग मी त्यांचे हात गुंतवायले बाबूले त्यांच्या मांडीवर दिला. त्या खाटेवर बसल्या. खाट गुंडाच्या मागंच होती, पण अंधारात कोणाले दिसते? हे म्हणाले, चल. मी डाव्या बाजूनं सुरू केलं अन् हळूहळू उजव्या बाजूले गेली, कुठंच नाही थांबली. कोणी बोललं नाही. सासूबाईनं तर फोटो म्हणून श्वासही रोखला होता.

फोटो पाह्यला अन् हे डोक्यावर हात मारून म्हणाले, "गेला. हाही गेला." गुंडावर उजेड एकदम नरम, कुठं ठपका नाही, कड न कड दिसते. पण मागं सासूबाई, ताठ, मूर्तीसारख्या, एका तोंडाच्या. अन् त्यांच्या मांडीवर बाबू, तीन तोंडांचा. एक तोंड डावीकडं, एक समोर, एक उजवीकडं. फिकट फिकट, पण तिन्ही साफ. माझ्या टॉर्चकडं.

ताई, मी तिथंच खाली बसली. हे म्हणाले, रडू नको, फोटोच आहे, पुन्हा काढू. मी म्हटलं, नाही, हाच ठेवा. मग मी लंगोटवाली टॉर्च घेऊन बाबूपुढं बसली अन् चूपचाप फिरवली. इकडं फिरवली तर इकडं, तिकडं तर तिकडं. सेल उतरेपर्यंत फिरवत राहिली. ह्यांनी अंधारात माझ्या डोक्यावर हात ठेवला. स्पर्धेत हाच फोटो देतो म्हणाले, लागला तर लागला.

तर आता माझा भेव पूर्ण गेला. तू काही काळजी करू नको. जीजाजीले नमस्कार, पोरांले मुके.

तुझी लहान,
विनता

ता. क. तुमच्या नागपुरात लहान लेकरांचे डोळे पाहणारा चांगला डॉक्टर पाहून नंबर लावून ठेव. जवळची तारीख मिळाली तर बरं. उजेडामागं मान वळली म्हणजे सगळं दिसते असं नाही, एवढं मलेही समजते. आता एक गोष्ट चांगली माहीत झाली तर दुसरी विचारायची हिंमत आली, बस. सासूबाईले सांगू नको, बहिणीले भेटायले आली म्हणीन.

ता. क. दुसरं. सासूबाईनं विचारलं एवढं काय लिहून राहिली, तर मले खोटं नाही जमलं. मग म्हणाल्या, मीही येते. मी आंघोळीले गेली की त्या रोज बाबूपुढं बोट फिरवून पाहत होत्या म्हणे, अन् मले हसत होत्या! आता ह्यांनीही सुट्टीचा अर्ज टाकला, ते म्हणतात त्यांले तर पहिल्या दिवसापासून झोप नाही. तर आम्ही सगळेच येऊन राहिलो. भात जास्त लाव, अन् डॉक्टर आत किती जणांले सोडते तेही विचारून ठेव.