आई क्लोरिंदाने कुणालाही देऊ नये असे घर

मी, आब्दोन वेंतेओ, वय चोवीस, चिलीतल्या लेमुय बेटावरचा, सध्या उत्तरेच्या वाळवंटात दुर्बिणींच्या छावणीवर फिटर. शाळा सहावीपर्यंत, पण डोके ठिकाणावर आहे, आणि रागात असलो तरी प्यायलेलो नाही. सोमवारपासून काम वरच्या पठारावर. तिथे हवा विरळ. मागच्या आठवड्यात एकाला स्ट्रेचरवरून खाली आणले. म्हणून हे मृत्युपत्र लिहून ठेवतो.

वडिलांनी माझ्या नावावर केलेले घर मी आई क्लोरिंदा हिला देतो. मात्र तिने ते पुढे कुणालाही देऊ नये. थोरला भाऊ नोल्बेर्तो याने तिच्याकडून होडी नेली, गायी नेल्या, आणि ऐन हिवाळ्यात लोखंडी चूल नेली. फोनवर मी त्याला चोर म्हणालो, तर आईच माझ्यावर उखडली: "त्याला पोरं आहेत. चूल मीच दिली. तू तिकडे बसून भुंकू नकोस."

इथल्या मारिसोलबाई एका म्हाताऱ्या लाल ताऱ्याचा अभ्यास करतात. त्याच्या पोटातला कार्बन वर येतो, बाहेर थंडाव्यात त्याची काजळी होते आणि वाऱ्याने निघून जाते. झिजून झिजून शेवटी पांढरा गोटा उरतो.

"बाई, त्याला लुटतंय कोण?"

"कुणी नाही. त्याचाच उजेड काजळीला ढकलतो, काजळी वायूला ओढून नेते. त्यातून पुढे नवे तारे होतात. छान ना?"

"नव्यांचं छान. म्हाताऱ्याला थांबवत कुणी नाही?"

"ताऱ्याला कोण थांबवणार? जेव, गार होतंय."

ताऱ्याला कुणी नसेल. आईला मी आहे.

माझ्या बचतीतून नवी चूल घ्यावी आणि घराच्या लाकडी जमिनीला बोल्ट मारून बसवावी. पाने आणि ड्रिल बहीण एदेलमिराच्या नवऱ्याला. बोल्ट त्यानेच आवळावेत. नोल्बेर्तोला माझे जुने बूटही नाहीत. सायकल त्याच्या पोरांना, त्यांनी काही मागितलेले नाही.

हे वाचून साक्षीदार रेनान हसला. "अरे, म्हातारी तुझं ऐकतेय होय? महिन्याभरात घर देऊन मोकळी होईल."

खरे आहे. म्हणून शेवटचे कलम. आईने घर दिलेच, तर त्याच दिवशी गावाने बैल जोडावेत आणि आपल्या बेटावर नेतात तसे अख्खे लाकडी घर ओंडक्यांवरून ओढत एदेलमिराच्या रानात नेऊन ठेवावे. ओढणाऱ्यांच्या जेवणाला माझी दोन्ही डुकरे कापावीत. चूल पेटती असू द्यावी आणि आईला आतच बसू द्यावे. घराखालची मागे उरलेली जागा नोल्बेर्तोने घ्यावी.

सही: आब्दोन वेंतेओ कार्कामो
साक्षीदार: रेनान चोके, ड्रायव्हर; इल्दा मामानी, स्वयंपाकघर; फिदेल आरांसिबिया, वायरमन
तोकोनावजवळची छावणी, ९ ऑगस्ट २०१९